तेसबासाठी पाणी

कौलं उतरवलेलं देऊळ आतून फार लहान दिसतं. आम्ही इकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. पलूसच्या अलीकडं, नदीच्या बाजूला वळणाऱ्या रस्त्यावर आमचं मिशन कंपाउंड आहे. तिथलं देऊळ गेल्या आठवड्यात मी पाहिलं तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि वर नुसतं आभाळ होतं. वासे काढून एका बाजूला रचले होते. वाळवी लागलेलं लाकूड, वटवाघळांची घाण आणि जुना चुना यांचा मिळून एक दमट वास येत होता. आम्ही बुधवारी ज्या कोपऱ्यात बसायचो तिथं फरशीवर लख्ख ऊन पडलं होतं. त्या जागेवर ऊन मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या कोपऱ्यात आमच्याबरोबर बसणाऱ्या शांतामावशींनी बोलावलं म्हणून गेले होते. छप्पर धोक्याचं झालंय, देवळाच्या पंचांनी उतरवायला घेतलंय, एकदा येऊन जा, एवढंच त्यांनी सुनेच्या फोनवरून सांगितलं होतं. वीस-एक वर्षांत त्यांनी मला स्वतःहून केलेला हा पहिला फोन. मी रजा टाकली आणि पुण्याहून पहाटेची एसटी धरली.

त्या काळी बुधवारी दुपारी तीनला घंटा व्हायची. रविवारची घंटा लांबलचक असे, बुधवारची तीनच टोल. ती ऐकली की कंपाउंडातल्या आणि गावातल्या सात-आठ बाया भांडी तशीच टाकून निघत. कुणाच्या हाताला पिठाचा वास, कुणाच्या लुगड्याला चुलीचा, कुणी थेट द्राक्षबागेतून आलेली असली तर औषधफवारणीचा उग्र वास तिच्याबरोबर आत येई. दाराबाहेर चपला. आत तरटाच्या पट्ट्या. खिडक्या अर्ध्या लोटलेल्या, त्यामुळं आत विहिरीच्या तळाशी असतो तसा गार, हिरवट अंधार. आधी एक स्तोत्र म्हणायचं, पेटीशिवाय, रूथबाईंच्या आवाजामागं. मग सगळ्या डोक्यावर पदर घेत आणि रूथबाई माझ्याकडं बघून म्हणत, "हं, वाच."

रूथबाई मिशनच्या बायबलबाई होत्या. म्हणजे गावोगाव पायी फिरून, बायकांच्या अंगणात बसून, शुभवर्तमान सांगणाऱ्या. उंच, काटक, लांब टांगा टाकत चालणाऱ्या. ती चाल मेंढरांमागं चालून आलेली होती. त्या जन्मल्या म्हसवडच्या पलीकडं, माणदेशात, मेंढपाळांच्या घरी, आणि त्यांचं नाव होतं म्हाकूबाई. तरुणपणी पायाला काही झालं, पाय काढायचा की ठेवायचा इथवर वेळ आली, आणि त्या तीन महिने मिशनच्या एका दवाखान्यात पडून होत्या. तिथून परतल्या त्या पाय घेऊन आणि बाप्तिस्म्याचं ठरवून. भावांनी भांडण केलं नाही. आमची बहीण दवाखान्यातच गेली, असं त्यांनी सगळ्या भावकीला सांगून टाकलं. रूथबाई हे सांगताना हसत. "मी मेंढरांच्या वाड्यावर जाऊन हुबी ऱ्हायले तरी कुनी वळखीना," म्हणत. पण म्हसवडच्या यात्रेचे दिवस आले की दोन-तीन दिवस त्या कुणाशी फारसं बोलत नसत, हेही मला आठवतं.

तीस वर्षं त्या फिरल्या. कुठं अंगावर कुत्रं सोडलं, कुठं चहा दिला. दोन्ही गोष्टी त्या एकाच आवाजात सांगत.

बुधवारच्या प्रार्थनेचा त्यांनी एक नियम घातला होता. त्या एका तासात स्वतःच्या घरचं काही मागायचं नाही. घरचं घरी मागा, रविवारी मागा. बुधवार दुसऱ्यांचा. दुसरे म्हणजे लांबच्या देशांतले ते लोक, ज्यांना प्रभूचं नाव घेतलं म्हणून धरून नेलं होतं, मारलं होतं, घरातून हाकललं होतं. त्यांची माहिती एका पत्रकातून यायची. महिन्याला एक, निळसर पातळ विमानपत्राच्या कागदावर छापलेलं. ते मुळात मिशनच्या बंगल्यातल्या गोऱ्या मडमेच्या नावानं येई, आणि मडम तर माझ्या जन्माआधीच मायदेशी परतली होती. पोस्टमन मुकाट्यानं ते माझ्या वडिलांकडं, मिशन शाळेच्या मास्तरांकडं देई, आणि वडील ते न फोडता खणात ठेवत. एकदा रूथबाईंनी तो गठ्ठा बघितला आणि विचारलं, "मास्तर, ह्यात काय लिव्हलंय?" वडिलांनी मला हाक मारली. मी एकोणीस वर्षांची होते, इस्लामपूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. करत होते. त्या दिवसापासून मी वाचणारी झाले.

मी इंग्रजीत एक ओळ मनात वाचायची आणि मराठीत मोठ्यानं सांगायची. बाया डोळे मिटून ऐकत. एखाद्या वाक्यावर कुणाच्या तरी तोंडून "अरे देवा" निघे. देशांची नावं त्यांच्या तोंडात बसत नसत. मग त्यांनी ती आपल्या परीनं वाटून घेतली. कुणी बर्फातला देश घेतला, कुणी वाळूतला. रूथबाईंनी आणि शांतामावशींनी मिळून तांबड्या समुद्राकडचा घेतला. तांबडा समुद्र त्यांच्या ओळखीचा होता. बायबलातला मोशे तिथूनच लोकांना घेऊन पार झाला होता.

तांबड्या समुद्राकडच्या त्या देशात तेस्फाय नावाचा एक माणूस होता. गाड्या दुरुस्त करणारा. घरात दहा-बारा माणसं जमवून प्रार्थना करत होता म्हणून शिपायांनी त्याला उचललं आणि वाळवंटात नेऊन एका लोखंडी डब्यात कोंडलं. जहाजावर माल भरतात तसल्या डब्यात, वीस-बावीस माणसांबरोबर. मागं बायको आणि दोन मुली. बायकोचं नाव लेतेब्रहान. पहिल्याच बुधवारी तेस्फायचा तेसबा झाला आणि लेतेब्रहानची लताबाई झाली. पुढच्या बुधवारपर्यंत ती दोघं जणू नदीपलीकडच्या गावात राहत होती.

रूथबाई मला बारीकसारीक विचारत. डबा केवढा? मी म्हटलं, उसाच्या दोन ट्रॉल्या एकापुढं एक लावल्या तर होईल तेवढा. खिडकी? नाही. पत्रा की लोखंड? लोखंड. आणि तिथं ऊन कसं? मला कुठून ठाऊक असणार. मी म्हटलं, आपल्या वैशाखापेक्षा जास्त.

त्या वैशाखात रूथबाईंनी एक गोष्ट केली. देवळामागं पत्र्याचं गोदाम होतं. दुष्काळात मिशननं दुधाची पावडर आणि मका ठेवायला बांधलेलं, पुढं रिकामंच पडलेलं. आत तरटाचा आणि उंदरांचा वास, आणि जमिनीवर पाय टाकला की पावडरीसारखी उडणारी माती. दुपारी बाराला रूथबाई आत गेल्या आणि शांतामावशींना म्हणाल्या, बाहेरनं कडी लाव, चारला काढ. मधी मी हाक मारली तरी काढू नको.

शांतामावशी कडी लावून दाराशी बसल्या. मी कॉलेजला सुट्टी म्हणून घरीच होते, मीही जाऊन बसले. पत्र्याला हात लावून बघितला आणि झटक्यात मागं घेतला. पहिला तासभर आतून स्तोत्र ऐकू येत होतं. मग ते थांबलं. मग नुसतं चालणं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग तेही थांबलं. कडुलिंबाच्या झाडावर एक पावशा सारखा ओरडत होता, आणि लांब कुठंतरी पंपाची मोटर चालू होती. शांतामावशींनी दोनदा कडीला हात घातला आणि दोनदा काढून घेतला. अडीचच्या सुमाराला त्यांनी दाराच्या फटीतून हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यांनी कडी काढली.

रूथबाई दाराशी पालथ्या पडल्या होत्या, गाल उंबऱ्याच्या फटीला लावून. तिथून जो काही वारा येत होता तो घ्यायला. चेहरा काळा-निळा, ओठांना माती. आम्ही त्यांना ओढून लिंबाखाली आणलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"आमी लय मोठं मोठं मागत बसलो," त्या म्हणाल्या. "त्येला सोडव म्हनलं, राज्य बदल म्हनलं. आत त्यातलं कायबी आठवत न्हाई बाई. नुसतं पानी आठवतं."

त्यानंतर बुधवारची प्रार्थना फार छोटी झाली. प्रभू, तेसबाला पाणी दे. एवढंच. सगळ्या जणी एकेक करून तेच म्हणत, आणि मग घड्याळात चार वाजेपर्यंत गप्प बसत. त्या गप्प बसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. बांगडी सरकायची. कुणाचा तरी श्वास जड व्हायचा.

रूथबाईंची तब्येत मात्र त्या दुपारनंतर ढासळली. पावलांवर सूज आली, दम लागू लागला. फिरणं बंद झालं.

शांतामावशींच्या घरी त्याच वर्षी यजमान आजारी पडले. ते कारखान्यावर फिटर होते, पिळदार माणूस, तंबाखूचा बार भरून दिवसभर न थुंकता काम करणारे. गालाच्या आतली जखम बरी होईना, आणि मग ज्याची सगळ्यांना भीती होती तेच निघालं. घरात औषधांचा आणि कुजक्या फुलासारखा वास भरून राहिला. मावशी दिवसभर त्यांच्या उशाशी असत. फक्त बुधवारी तीनला शेजारणीला बसवून देवळात येत. येऊन म्हणत, प्रभू, तेसबाला पाणी दे. यजमानांचं नाव त्यांनी त्या कोपऱ्यात एकदाही घेतलं नाही. नियम तसा होता.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला त्या आठवड्यातली गोष्ट. गावभर मळीचा गोडसर आंबूस वास, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, हवेत जळलेल्या पाचटाची काळी फुलं तरंगत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली. पत्रक आलं ते मी देवळाकडं चालता चालताच फोडलं. तेस्फाय वारला होता. डब्यात ताप आला आणि चार दिवसांत गेला. घरच्यांना त्याचं शरीर दिलं नाही. बायको दोन मुलींना घेऊन सरहद्द ओलांडून गेली आहे, ती कुठल्या छावणीत आहे ते अजून कळलेलं नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा, असं शेवटी लिहिलं होतं.

मी आत गेले. त्या दिवशी बायांनी त्याच्यासाठी उपास धरला होता. रूथबाईंना अंथरुणावरून उचलून, दोघींनी दोन्हीकडून धरून आणलं होतं. शांतामावशींचे डोळे जागरणानं लाल झाले होते. सगळ्यांनी पदर घेतला. रूथबाई म्हणाल्या, "हं, वाच."

मी कागदाकडं बघितलं आणि म्हटलं, "तेसबाला एक घोंगडी मिळाली आहे. आणि आता दिवसातून दोनदा पाणी देतात."

असं का म्हटलं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. ठरवून म्हटलं नाही एवढं नक्की. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं. पण ते ऐकल्यावर बायांच्या चेहऱ्यांवर जे आलं ते मी बघितलं, आणि त्यानंतरचं सगळं मात्र ठरवून केलं. रूथबाई रडल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या अंथरुणातून उठल्या, आठवड्याभरात काठी घेऊन देवळापर्यंत चालत आल्या. कंपाउंडात सगळे म्हणाले, तेसबाला पाणी पोचलं आणि बाईंना उभारी आली.

मग पुढच्या महिन्याला काहीतरी सांगणं भागच होतं. मी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना डब्यातून काढून विटांच्या खोलीत ठेवलं. मग त्या खोलीला खिडकी दिली. मग तो सकाळी गाणं म्हणतो आणि पहारेकरीही ऐकतो, असं सांगितलं. खरी पत्रकं येत होती. त्यांत इतरांचं होतं ते मी नीट वाचून दाखवायची, आणि मधेच तेसबाचं माझं मी घालायची. एका पत्रकात लेतेब्रहानचं नाव पुन्हा आलं. तिची धाकटी मुलगी छावणीत आजारी आहे, प्रार्थना करा, असं होतं. ती ओळ मी गिळली. ती कशी वाचणार? बाप विटांच्या खोलीत गाणं म्हणत असताना बायको मुलींना घेऊन देश सोडून छावणीत का गेली, हे काय सांगणार?

त्याच दिवसांत शांतामावशींचे यजमान वारले. बुधवारीच वारले, सकाळी. दुपारी तीनची घंटा झाली नाही, आम्ही सगळे कबरस्थानात होतो.

दोन वर्षं हे चाललं. माझं कॉलेज संपलं, पुण्यातल्या एका शाळेत नोकरी लागायच्या बेतात होती. आणि त्या हिवाळ्यात बायांनी तेसबासाठी वाकळ शिवायला घेतली. एक घोंगडी वीस माणसांना कशी पुरणार, असं रूथबाईंनी काढलं. प्रत्येकीनं जुन्या लुगड्याचा तुकडा आणला. शांतामावशींनी यजमानांचं एक मऊ झालेलं धोतर आतल्या अस्तराला दिलं. नाताळच्या आधी दोन आठवडे दुपारभर देवळाच्या ओट्यावर टाके पडत होते, बारीक, सरळ, एकाला एक लागून. नव्या दोऱ्याचा, धुतलेल्या जुन्या कापडाचा वास. वाकळ पुरी झाली तशी रूथबाई मला म्हणाल्या, आता पत्ता लिहून दे, पोस्टात टाकू.

दुपारची वेळ होती. बाकीच्या बाया गेल्या होत्या. रूथबाई ओट्यावर वाकळीची घडी घालत होत्या. मी त्यांच्या समोर बसले आणि सांगितलं. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत सगळं.

त्यांचे हात घडीवर थांबले. त्यांनी मला मधे अडवलं नाही. मग विचारलं, "कवा गेला?"

"गेल्याच्या गेल्या हंगामात. कारखाना सुरू झाला त्या आठवड्यात."

"आन् लताबाई?"

मी सांगितलं. सरहद्दीपलीकडं गेल्याचं, छावणीचं, मुलीच्या आजाराचं. मुलगी जगली का, त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. पुढच्या पत्रकात काही आलं नव्हतं.

मला वाटलं होतं त्या तेसबासाठी रडतील, नाहीतर माझ्यावर चिडतील की खोटं बोललीस. त्यांनी तोंड रस्त्याकडं वळवलं. उसाची एक बैलगाडी कुरकुरत गेली, तिच्यामागं धूळ उठली आणि खाली बसली.

"तेसबाचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यो पोचला. त्येला पानी मिळालं. पर दोन वर्सं त्या बाईसाठी हितं कुनी तोंड उघडलं न्हाई, पोरी. तिनं मागितलं हुतं. कागदावर लिवून धाडलं हुतं. आन् तू ते मदीच धरून ठिवलंस."

मी पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. रागानं नव्हे बहुतेक. सूज होती, दुखत असतील. मी ते कधी नीट ठरवू शकले नाही.

बुधवारी सगळ्यांना तूच सांगायचंस, एवढं त्या म्हणाल्या. मी सांगितलं. देवळाच्या त्या कोपऱ्यात, उभं राहून. कुणीतरी हुंदका दिला. कुणी म्हणालं, पोर आहे, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून केलं तिनं. शांतामावशींनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. मग त्या उठल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"माझा मानूस घरात कुजत पडला हुता," त्या म्हणाल्या. "त्येचं नाव मी हितं कवा घेतलं न्हाई. बुधवार दुसऱ्याचा म्हनून. आन् मी मेलेल्या मानसासाठी पानी मागत बसले."

त्या बाहेर गेल्या. चपला घालताना एकदा भिंतीला धरलं, मग निघून गेल्या. तीन बुधवार त्या आल्या नाहीत. चौथ्या बुधवारी आल्या आणि माझ्यापासून लांब, खांबापलीकडं बसल्या. मी गाव सोडेपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

रूथबाईंनी वाचायचं काम माझ्याकडून काढून घेतलं नाही. उलट त्याच बुधवारी त्यांनी मला जुनी सगळी पत्रकं आणायला लावली आणि पहिल्यापासून वाच म्हणाल्या. जे लिहिलंय तेच वाच. मी दोन तास वाचत होते. ताप, चार दिवस, शरीर दिलं नाही, सरहद्द, छावणी, धाकटी मुलगी. माझा घसा बसला तरी त्या थांब म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी लताबाईसाठी प्रार्थना केली. पहिल्यांदाच. उशीर झाला, आमाला माफ कर बाई, असं त्या प्रभूला म्हणत होत्या की लताबाईला, ते कळत नव्हतं.

वाकळ पत्रकावरच्या पत्त्यावर पाठवली, लताबाईसाठी. चार महिन्यांनी ती परत आली, कापडी पार्सल मळलेलं, शिक्क्यांनी भरलेलं. त्या वेळी ऊसतोडीच्या पालात बीडकडची एक बाई बाळंत झाली होती. रूथबाईंनी वाकळ तिला नेऊन दिली. पुढं ते पाल उठलं, वाकळही गेली.

मी पुण्याला गेले. दोन वर्षांनी रूथबाई गेल्या. मी मातीला आले होते. देवळात शवपेटी ठेवली होती, बाया रडत होत्या. म्हसवडहून एक भाचा आला होता, पन्नाशीचा, डोक्याला मोठं मुंडासं, कंपाउंडच्या फाटकाबाहेरच उभा. कुणी आत बोलावलं तर नको म्हणाला. आत्या दवाखान्यातच वारली असं ऐकून होतो, एवढंच म्हणाला. पेटी बाहेर निघाली तेव्हा तो चार पावलं मागं सरकला आणि मग कबरस्थानापर्यंत सगळ्यांच्या मागून चालत आला. त्याची चाल मी ओळखली.

त्यानंतर मी फारशी गेले नाही. वडील वारले, क्वार्टर सुटलं. पत्रकं कधी बंद झाली तेही मला ठाऊक नाही. पुण्यात मी रविवारी देवळात जाते, स्तोत्रं म्हणते. पण चार माणसांत डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची वेळ आली की मी कुणा दुसऱ्याकडं बघते. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याची मला अजून खात्री नाही.

गेल्या आठवड्यात शांतामावशी देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढं गेल्या असतील. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा, हात सारखा थरथरणारा. मी पाया पडले. त्यांनी चाचपून माझा हात धरला आणि शेजारी बसवलं. आत कामगार कौलं मोजून रचत होते, एकावर एक, खण खण. कुणाकुणाचं विचारून झालं. बुधवारच्या आता त्या एकट्याच उरल्यात, घरातच खाटेवर बसून प्रार्थना करतात, असं सांगितलं.

"लताबाईचं कायतरी कळलं का गं?" त्यांनी विचारलं. "तू शिकलेली. आता फोनवर समदं कळतंय म्हनत्यात. पोरी मोठ्या झाल्या असत्याल. थोरलीला पोरंबाळं झाली असत्याल."

मी शोधलं होतं. खूपदा. त्या नावाच्या बाया तिकडं गल्लोगल्ली आहेत. छावण्यांच्या याद्या, वाळवंटात मेलेल्यांच्या याद्या, समुद्रात बुडालेल्यांच्या याद्या. कशात ती असेल, कशातच नसेल. शांतामावशींचे पडदा आलेले डोळे माझ्याकडं वळलेले होते आणि माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: ती एका थंड देशात पोचली आहे, मुली नोकरी करतात, धाकटी वाचली. एका दमात सांगता आलं असतं. मावशींना तपासता आलं नसतं आणि मलाही ते आता फार दिवस सांभाळावं लागलं नसतं.

"नाही मावशी," मी म्हटलं. "काही कळलं नाही. मुलगी वाचली का तेही नाही."

त्यांनी मान हलवली. हात सोडला नाही.

"मग चालू ठिवायचं," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि सुरुवात केली. दोन वाक्यांतच त्यांना दम लागला. खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. मी पाणी आणायला उठले तर त्यांनी खाली ओढून बसवलं.

"तू म्हन फुडचं."

मी डोळे मिटले. आतली खणखण थांबली होती, कामगार बहुतेक भाकरी खायला बसले असावेत. शांतामावशी वाट बघत होत्या, त्यांचा श्वास घरघरत होता. मग मी लेतेब्रहानचं नाव घेतलं, आणि मला जेवढं नक्की माहीत होतं तेवढंच म्हटलं, की प्रभू, ती कुठं आहे ते आम्हाला माहीत नाही.